वाळलेल्या रंगावरची बोटं

मी कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. कुणी भुताखेताचा विषय काढला की स्टाफरूममधून उठून जाणारी मी... त्यामुळे हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

आमचं घर पलूसला. माझे सासरे — आण्णा — आर्मीतून रिटायर झालेले. त्यांची डावी बाजू पॅरालिसिसनं गेली आणि त्यांना मिरजेला ॲडमिट केलं. नवरा आणि सासूबाई तिकडेच राहिले. थोड्याच दिवसांत घरी नेता येईल, असं डॉक्टर म्हणाले. आण्णांच्या खोलीला ओल आली होती, म्हणून ती रंगवून घेतली. फिकट पिस्ता रंग.

पेंटरला पुढच्या कामाची घाई. उरलेला रंग देऊन म्हणाला, "वैनी, कुठं काय ऱ्हायलं असलं तर ब्रश मारा. टच-अपच हाय."

राहिलं होतंच. स्विचबोर्डाखाली पट्टा सुटलेला, खिडकीशी ओघळ. ओघळ पॉलिश पेपरनं घासून मी वरून रंग मारला. वाळल्यावर खोलीला कुलूप घातलं. घरात मी एकटीच, किल्ली माझ्याकडेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप काढलं, तर दाराच्या उजव्या भिंतीवर चार बोटांचे ओढलेले पट्टे! ओल्या रंगातून बोटं फिरवल्यासारखे... खालचा पांढरा प्रायमर दिसत होता. हात लावून बघितला, तर रंग खडखडीत वाळलेला. काल आपल्याच नजरेतून सुटलं असेल, असं म्हणून मी रंग मारून टाकला.

पुढच्या दिवशी मी रंगवलेली ती जागा जशीच्या तशी होती. पट्टे मात्र खिडकीपर्यंत सरकलेले. माणूस भिंतीला धरून चालतो ना, त्या उंचीवर.

मी नवऱ्याला फोन केला. पट्ट्यांचं काही बोलले नाही, नुसतं विचारलं, "आण्णा कसे आहेत?"

"बरं हायत. पण उजवा हात सारखा चादरीवर फिरवत्यात. घरला चला म्हणत्यात."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "समदं ध्यान घराकडंच लागलंय त्यांचं."

मी परत घासलं, परत रंगवलं.

त्यानंतरच्या दुपारी पट्टे कॉटपर्यंत पोचले होते. उशीच्या वर भिंतीवर अख्खा पंजा उमटलेला. ब्रश हातात घेऊन मी तिथेच उभी होते, आणि फोन वाजला.

"आण्णा गेलं गं..." नवरा म्हणाला.

संध्याकाळी त्यांना घरी आणलं. आंघोळ घालताना नवऱ्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. "नखात काय हाय बघ त्यांच्या."

पिस्ता रंग. सासूबाईंनी ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, तेल लावून बघितलं. निघाला नाही. तसंच नेलं त्यांना.

नंतर मी पेंटरला बोलावून भिंत दाखवली. त्यानं पंज्याच्या कडेवरून नख ओढून बघितलं. "वाळलेल्या रंगात बोट रुतत न्हाई, वैनी," म्हणाला आणि चहा न घेताच गेला. हॉस्पिटलमध्येही जाऊन बघितलं. तिथं भिंतींना पांढऱ्या फरश्या.

सासूबाई आता त्याच खोलीत झोपतात. तो पंजा त्यांनी मला रंगवू दिला नाही. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या. त्यांना औषध द्यायला मी जाते, पण भिंतीकडे बघत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही उलगडा होत असेल तर जरूर सांगा... मला अजून झालेला नाही.