अँटेनाच्या फार जवळची भिंत

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. सगळं वेळच्या वेळी, जागच्या जागी, अशी माझी ख्याती. ऑफिसात माझ्या टेबलाचं उदाहरण देतात. म्हणूनच कुणी कधी संशय घेतला नाही.

अंधेरीच्या आमच्या कंपनीत अँटेना बनतात. बनण्याआधी मी ते कॉम्प्युटरवर चालवून बघते. खऱ्या अँटेनाच्या लहरी मोकळ्यात निघून जातात, परत येत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये मोकळं आकाश कुठून आणायचं? म्हणून अँटेनाभोवती खोका आखायचा आणि त्याच्या भिंती लहरी शोषणाऱ्या करायच्या. लहर जितकी लांब, तितकी भिंत दूर हवी. जवळ आली तर अँटेनालगतची ऊर्जाही ती गिळते, आणि कॉम्प्युटर समजतो, ऊर्जा बाहेर गेली. वाईट अँटेनाही चांगला दिसतो. हे मी इतरांना शिकवते. मी!

काम होतं मच्छीमार बोटींवरून मदत मागायच्या यंत्राचं. लहर नेहमीपेक्षा बरीच लांब. मी सवयीने आधीच्या कामाची तयार फाइल उघडली, अँटेना बदलला — खोका तोच राहिला. किती ऊर्जा बाहेर पडते त्याचा आलेख झकास आला.

रुपाली भांडुपची, माझ्याबरोबरच लागलेली, पण कंत्राटावर. जेवायला रोज एकत्र बसायचो. तिने तो अँटेना बनवून गच्चीवर मोजला. सिग्नल जेमतेम बाहेर पडत होता. पुन्हा मोजला, तेच. मग माझ्याकडे आली. "बाई गं, तुझा खोका बघ ना एकदा. टेबलासारखी तिथेही जागा वाचवलीस की काय?"

"बघितलाय," मी म्हणाले.

बघितला नव्हता. ती गेल्यावर बघितला. भिंत अँटेनाला जवळजवळ चिकटली होती. लांब सरकवली, पुन्हा चालवलं — रुपालीचेच आकडे समोर आले. तेव्हा तरी उठून तिच्याकडे जायला काय झालं होतं मला?

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेब तिच्यावर घसरले. "वाट लावलीस यार रुपाली. साधं मोजता येत नाही?" तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी नुसती गप्प बसले असते तरी भित्री ठरले असते. मी लॅपटॉपवर तो पहिला आलेख उघडला आणि सगळ्यांकडे वळवला. खोटा आहे हे माहीत असताना.

तिचं कंत्राट वाढवलं नाही. मी अँटेना गुपचूप सुधारला, तो बोटींवर नीट चालला, आणि त्याच कामावर मला बढती मिळाली. रुपाली आता घाटकोपरला विम्याच्या ऑफिसात आहे. मोजमापाचं काम तिने पुन्हा केलं नाही.

जायच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली होती. डोळे सुजलेले. "सॉरी गं. तुझं काम माझ्यामुळे लांबलं. माझं कुठे चुकलं, तेच कळत नाहीये."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे गं," म्हणाले, "होतं असं."

मी तिला माफ केलं.