चालायला कारण लागतं

त्या रविवारी घरातून निघताना आईने सवयीने बाजाराची पिशवी हातात घेतली.

"पिशवी कशाला?"

"भाजी न्हाय आणायची?"

"नाही. नुसतं फिरायला जायचंय."

ती उंबऱ्यातच थांबली. "नुसतं?"

पावसाळा नुकताच सरला होता. उन्हाळ्यात आईला अर्धांगवायूचा हलका झटका आला होता. हात मोकळा झाला, बोलणं सुधारलं, पण डावा पाय जड राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "रोज सकाळी मोकळ्या वाटेवर चाला. नाही चाललात तर हा पाय आखडून बसेल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही." वडील डेअरीत पहिल्या पाळीला जातात, म्हणून आम्ही एमआयडीसीजवळ माडीवरच्या भाड्याच्या खोलीत राहतो. समोरच्या रस्त्यावर सकाळी मोटारसायकलींची एवढी गर्दी असते की धडधाकट माणूसही कडेकडेने जातो. म्हणून मी ठरवलं, बारामतीच्या आसपास चालण्याजोग्या सोप्या वाटा शोधायच्या. मी भूगोल शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असं काही ठरवायचा अधिकार आपल्याला आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

पहिली वाट शहरातलीच, कालव्याच्या कडेची. खरोखर सुंदर आहे. फरशी घातलेली, दोन्ही बाजूंना झाडं, पाण्यावर सकाळचं कोवळं ऊन. कालव्याला पाणी सुटलेलं होतं आणि एक खंड्या तारेवर बसून त्या पाण्याकडे एकटक बघत होता. लोक बूट घालून, कानात वायर अडकवून भराभर चालत होते. आई चपला घालून, पदर डोक्यावर घेऊन अगदी कडेने चालत होती. थोडं गेल्यावर ती दम खायला झाडाखाली उभी राहिली. तेवढ्यात एक बाई थांबल्या. आवाज गोड होता.

"मावशी, इथली झाडलोट तुमच्याकडे आहे का? त्या बाकाखाली बघा ना, किती कचरा झालाय."

मी काही बोलायच्या आत आईने मान हलवली, वाकून दोन कागदी कप उचलले आणि डब्यात टाकले. बाई "थँक्यू हं" म्हणून पुढे गेल्या.

"आई, तू कशाला उचललेस?"

"जाऊ दे. कचरा तर हुताच की."

परत आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

वर्गातल्या मैत्रिणीने शेळगावकडच्या माळाचं नाव सांगितलं. पुढच्या सुट्टीला एसटीने गेलो आणि फाट्यावर उतरून आत चालू लागलो. या बाजूला उसाची हिरवाई एकदम संपते आणि पिवळ्या गवताचा माळ सुरू होतो. अधूनमधून हिवर (बाभळीसारखं काटेरी झाड) आणि खुरट्या बोरी. चंडोल गात गात सरळ वर जातो आणि दिसेनासा होतो. वारा एवढा मोकळा की आईचा पदर डोक्यावर ठरेना. शेवटी तिने तो कमरेला खोचला. झटका आल्यापासून मी तिला असं बघितलं नव्हतं.

एका चढावर खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा मेंढपाळ मेंढरं घेऊन उभा होता. त्याने लांबूनच हाक दिली.

"काय हरावलं?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"आवं, जनावर हरावल्याबिगर ह्या माळाला कोन येतंय? काय गेलंय?"

"शेळी," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"रंग?"

"तांबडी. कानाला पांढरी."

"गाभण हाय?"

"व्हय, तात्या."

"आरं देवा!" तात्यांनी मेंढरं कुत्र्याच्या भरवशावर सोडली आणि काठी घेऊन आमच्या पुढे निघाले. आता नाही म्हणायची सोय नव्हती. ओढ्यात बघितलं, बोरींच्या जाळीत बघितलं, टेकाडापलीकडे बघितलं. तात्या मधेच थांबून जीभ टाळूला लावून आवाज काढत आणि कान देऊन ऐकत. आई त्यांच्या मागे पाय टाकत होती. त्या शोधात टेकाडाच्या उतरणीवर चिंकाऱ्यांचा कळप दिसला. क्षणभर सगळे आमच्याकडे टक लावून उभे राहिले, आणि गवताच्या रंगात गवतासारखेच विरून गेले.

"ही पळत्यात, तुमची शेळी न्हाय पळायची," तात्या म्हणाले. "लांडग्यानं नेली आसंल. लागून घिऊ नका जिवाला." मग त्यांनी फडकं सोडलं आणि आम्हाला अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी दिली. आईने मान खाली घालून खाल्ली. तिखटाने असेल, तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतताना मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं आस्तं तर हसला आस्ता. बाई मानूस नुसतं हिंडतंय म्हनून." मग म्हणाली, "पर आज लई चालले मी."

खरंच ती खूप चालली होती. एसटीच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढली.

माळ रोज जाण्याजोगा नाही, भाडं आणि वेळ दोन्ही जातं. पण त्या दिवशी आईला एक युक्ती सापडली. आमच्या खोलीपासून जवळच एक चारी (कालव्याचा छोटा फाटा) आहे. तिच्या कडेने मातीची वाट जाते. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला वांगी, घास (जनावरांचा हिरवा चारा) आणि मधेमधे डाळिंबाची बाग. सकाळी उसाच्या पात्यांवर दव असतं, बगळे पाटाच्या पाण्यात पाय बुडवून उभे असतात. या वाटेवर आई हातात विळा आणि काखेत रिकामं पोतं घेऊन येऊ लागली. मला हसू आलं, पण उपाय लागू पडला. मोटारसायकलवरून जाणारा कामगार असो की पाणी धरणारा शेतकरी, सगळे बघत आणि आपल्या वाटेने जात. पोतं आणि विळा घेतलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. ती कामाला चाललेली असते.

रोज थोडं थोडं करत ती वडाच्या झाडापर्यंत, मग पुढच्या छोट्या पुलापर्यंत जाऊ लागली. टाच जमिनीला टेकायला लागली. डॉक्टर म्हणाले, "असंच चालू ठेवा. अजून दोन-तीन महिने, मग पायाचं भय नाही."

मग एका सकाळी बांधावरून आवाज आला.

"ए बाई, थांब! पोत्यात काय हाय?"

पन्नाशीचा माणूस होता, अंगात स्वच्छ पांढरा शर्ट. आई थांबली. "रिकामं हाय, दादा."

"आज रिकामं. काल काय हुतं? माझा घास रोज कोन कापतंय ते बघाय चार दिस टपून बसलोय मी."

मी पुढे झाले. "काका, आईला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. आम्ही फक्त फिरायला येतो."

"फिरायला?" तो मोठ्याने हसला. "इळा घिऊन? मग आमी काय नांगर घिऊन फिरायला जातो व्हय?"

पाळीला निघालेल्या दोन मोटारसायकली थांबल्या. त्यातला एक आमच्याच चाळीतला होता. तोही हसला, आणि मग मला बघून हसायचा थांबला.

"ही वाट सरकारी आहे," मी म्हणाले.

"वाट सरकारी हाय, घास न्हाय. कालिजात जातीस न्हवं? मग आईला शिकीव, दुसऱ्याच्या बांधाला लागू नगं म्हनावं."

आईने पोतं उलटं केलं आणि झटकलं. धुळीशिवाय काही पडलं नाही. ती म्हणाली, "दादा, इंदापूर तालुक्यात आमचं सवताचं रान हाय. घास मावत न्हाय आमच्या बांधाला. तुमचा कशाला नीन?"

"मग हितं भाड्याच्या खोलीत कशापायी ऱ्हाता?"

रान होतं, पण त्याच्यावर घर चालत नव्हतं. ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. आई वळली. येताना ती वाटेत कुठेच थांबली नाही. घरी आल्यावर तिने पोतं घडी करून माळ्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाक मारली तेव्हा कूस बदलून झोपून राहिली. ती जागी होती, हे मला कळत होतं.

महिना गेला. मी पुष्कळ विनवलं. शेवटी म्हणाले, "नरसिंहपूरला जाऊ." देवाला म्हटल्यावर ती लगेच उठली.

नरसिंहपूरला नीरा आणि भीमा भेटतात. घाटावर उभं राहिलं की दोन्ही नद्यांची पाणी थोडा वेळ वेगवेगळी वाहतात असं वाटतं, मग कुठली नीरा, कुठली भीमा ते ओळखू येत नाही. चढून गेलं की काळ्या दगडाचं देऊळ. आईने दर्शन घेतलं आणि प्रदक्षिणा घालू लागली. एक झाली, दोन झाल्या, ती थांबेना. पायाखाली गार फरशी, बाजूला भिंतीचा आधार. टाच पुन्हा उचलली गेली होती, पण ती चालत होती. फुलं विकणाऱ्या बाईने कौतुकाने विचारलं, "नवस हाय का वो?"

"व्हय," आई म्हणाली.

"पावंल बघा. आसं चालनारीला देव पावतोच."

परतीच्या गाडीत मी म्हणाले, "आई, दर रविवारी येऊ इथे."

"देवाला सारखं सारखं काय मागायचं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बारामतीत उतरताना कंडक्टरने तिला दंडाला धरून खाली घेतलं.

या चारही वाटा मी लिहून ठेवते आहे, कारण त्या चांगल्या आहेत. चालायला सोप्या आहेत, मोकळ्या आहेत. तुम्ही जरूर जा. तुम्ही कोण आहात यावर तुम्हाला कोण काय विचारणार, एवढंच मला सांगता येत नाही. भूगोलाच्या नकाशात वाटेची लांबी आणि चढ दाखवतात, हे दाखवत नाहीत.

आई आता खोलीतच चालते. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. पाय फरशीवर घासत जातो. परवा खालच्या काकूंनी जिन्यातून हाक मारली, "काय ओढताय वो दिवसभर?"

आई भिंत धरून उभी होती.

"काय न्हाय," तिने वरूनच सांगितलं, "झाडून काढतीय."