ओकुमेच्या होडीची वीतभर रुंदी

रेल्वेचा बांध आमच्या दारासमोर घातला तेव्हा आम्हांला कुणी काही विचारलं नाही. शिनागावाच्या पुढची किनाऱ्यालगतची जमीन फौजेची. फौजेनं ती द्यायला नकार दिला, तेव्हा वरच्या लोकांनी समुद्रातच दगड टाकून त्यावरून रूळ न्यायचं ठरवलं. समुद्राला मालक नसतो, असा त्यांचा समज. आमच्या वाडीच्या पाच पिढ्या त्या कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून झिजल्या, ते त्यांच्या खिजगणतीत नव्हतं.

विचारलं ते एवढंच, की तुमची सगळ्यांत रुंद होडी किती रुंद आहे. होड्या समुद्रात जायला बांधात एक दार ठेवायचं होतं. आणि त्या एका प्रश्नाचं उत्तर आम्ही खोटं दिलं.

का दिलं, ते ऐका. जुन्या राजवटीत होडीवरचा कर रुंदीवर बसायचा. मोजायला कारकून आला की होडी चिखलात कलती करून ठेवायची, दोरी जरा ढिली धरायची, कारकुनाला गरम साके, तांदळाची दारू, पाजायची आणि जमेल तेवढी रुंदी चोरायची. कुणी चार बोटं चोरायचा, कुणी सहा. रिहेई म्हाताऱ्यानं मात्र अख्खा हात चोरला होता. त्याची होडी चार हात रुंद, कागदावर तीन. हे तो दर नव्या वर्षाला, तांदळाच्या मोचीचा घास तोंडात असतानाच, सगळ्यांना सांगायचा आणि आम्ही दर वर्षी हसायचो. मीपण हसलोय. नवे लोक विचारायला आले तेव्हा ती जुनी चोरी उघडी पडेल म्हणून आम्ही तीनच सांगितलं.

ओकुमे ही रिहेईची सून. तिचा नवरा सेइजो दोन वर्षांपूर्वी पटकीनं गेला, तेव्हापासून ती होडी तीच चालवायची. अंगानं हडकुळी, तोंडानं तिखट. बाई होडीवर चढली की समुद्र रागावतो, असं वाडीतली माणसं म्हणायची. तिनं पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांपेक्षा जास्त नोरी, खायचं शेवाळ, वाळवली, तेव्हा म्हणायची थांबली.

नोरीचं शेवाळ खडकावरनं खरवडून आणता येतं असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्याकडं येऊन एक हिवाळा काढावा. शरदात, दिवसरात्र सारखे होतात त्या दिवसाच्या आत, समुद्राच्या तळात भोकं पाडून डहाळ्या रोवायच्या. मग थंडीत त्यांवर शेवाळ धरतं. प्रत्येकाचा पाण्यातला तुकडा ठरलेला. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ज्याच्या तुकड्यात डहाळ्या उभ्या नाहीत, त्याचा तुकडा चिठ्ठ्या टाकून दुसऱ्याला जातो आणि परत मिळत नाही. नव्या मेइजी राजवटीच्या पाचव्या वर्षी ओकुमेजवळ तो तुकडा सोडून दुसरं काही नव्हतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात योकोहामाकडून शिनागावापर्यंत गाडी धावू लागली, आणि आमच्या पुढचा बांध पुरा करायची घाई सुटली. तोवर दाराच्या जागी नुसतं खिंडार होतं, होड्या आरामात जायच्या. शरदाचा तो दिवस आठ दिवसांवर आला आणि गवंड्यांनी खिंडाराच्या दोन्ही अंगांना घडीव दगड लावून टाकले. वर लाकडी पूल, पुलावर रूळ.

दार झालं साडेतीन हात. अधिकाऱ्यांनी कागदावरचे तीन हात घेतले आणि वर अर्धा हात मोकळा दिला. हिशोब त्यांच्या बाजूनं चोख होता. आमच्या सगळ्यांच्या होड्या कशाबशा निघाल्या. माझी तर दोन्हीकडं चार बोटं ठेवून निघाली. ओकुमेची होडी डहाळ्यांनी भरून दारात शिरली आणि मधेच अडकून बसली. वीतभर कमी पडली. मागं रेटून काढताना कड सोलून निघाली.

पलीकडच्या वाडीचं दार मोठं होतं. पण त्या वाडीशी आमचं माशांच्या जाळ्यावरनं तीस वर्षांचं वैर. त्यांच्या वाळूला आमची होडी टेकली तर ते फोडणार. बांधावरनं ओढून न्यावी, तर रुळाला हात लावणाऱ्याला कोठडी, असा फळा रोवला होता. मुखिया कोहेइजी तिला म्हणाला की यंदाचं वर्ष जाऊ दे. तुकडा गेला तर काय, हे त्याला तिनं विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं. चिठ्ठीत मुखियाच्या पुतण्याचं नावही असणार होतं.

चौथ्या दिवशी अधिकारी दार बघायला आला. जुन्या चालीचा बुचडा कापलेला, अंगात विलायती कोट, पायात मात्र आपल्या गवती चपला. ओकुमे त्याच्यासमोर जाऊन वाळूत गुडघ्यावर बसली, पण मान खाली घातली नाही. दार वीतभर वाढवून द्या, म्हणाली. त्यानं कागद काढला. मोठी होडी तीन हात, खाली मुखियाचा शिक्का, रिहेईचा अंगठा. आता चार हात म्हणत असाल तर इतकी वर्षं काय सांगत होता, असं त्यानं अगदी मऊ आवाजात विचारलं.

मुखिया लगबगीनं पुढं झाला.

"बाई जरा खुळी हाय, साहेब. नवरा मेल्यापासनं."

आम्ही वीस-पंचवीस जण तिथं उभे होतो. तो सांगतोय ते खोटं, हे प्रत्येकाला माहीत होतं. माझी होडी दारातून निघाली होती, म्हणून मी पायाखालची शिंपली बघत बसलो. आजही त्या दिवसाचा विचार आला की माझा स्वतःच्या थोबाडीत मारायला हात उठतो.

ओकुमे सासऱ्याकडं वळली.

"मामंजी, तुमी सांगा. चार हात हाय म्हणून सांगा."

रिहेईनं ओठ चाटले. कागदाकडं बघितलं, कोटाकडं बघितलं. साठ वर्षांची सवय त्याच्या तोंडात बसलेली.

"तीनच हाय, साहेब."

ती उठली, घरात गेली आणि करवत घेऊन आली. होडीच्या बाजू वर उमलत जातात. वरची फळी उतरवली की रुंदी घटते, पण काठही खाली येतो. त्या वरच्या दोन फळ्या सेइजोनं स्वतः तासून बसवल्या होत्या. तिनं म्हाताऱ्याच्या मनगटाला धरून त्याला होडीजवळ आणलं.

"धरा. तीन म्हनालात न्हवं? मग तीन करू. कागद खरा व्हायला पायजे."

तिनं करवत चालवली आणि रिहेईनं फळी धरली. अधिकारी कागद घडी करून निघून गेला. म्हाताऱ्याची पकड ढिली पडली की ती करवत थांबवायची, तो फळी घट्ट धरेतो त्याच्याकडं बघत राहायची आणि पुन्हा सुरू करायची. दुसरी फळी निघेपर्यंत ऊन उतरलं. मदतीला कुणी गेलं नाही. मी एकदा पाऊल उचललं होतं. तिनं नुसतं बघितलं, आणि मी पाऊल परत खाली ठेवलं.

होडी निघाली. ठरलेल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तिच्या तुकड्यात शेवटची डहाळी उभी होती. मुखियाच्या पुतण्याला चिठ्ठी टाकायला मिळाली नाही.

पुढल्या महिन्यात राजधानीतल्या शिम्बाशीपर्यंतची गाडी सुरू झाली. मोठी माणसं बसून जाणार, म्हणून किनाऱ्यावर रांगेत उभं राहून वाकायचा हुकूम आला. आम्ही वाकलो. गाडी पुलावर आली तेव्हा ओकुमे खाली त्या दारातच होती. काठ बुटका झाल्यामुळं जराशी लाट आली की होडीत पाणी शिरायचं. पुढचा सगळा हिवाळा ती एका हातानं नोरी तोडायची आणि दुसऱ्या हातानं पाणी उपसायची. त्या दिवशी डोक्यावरनं गाडी धडधडत गेली. तिनं वर बघितलं नाही. डबडं भरलं आणि पाणी पुलाखालच्या घडीव दगडावर फेकलं, पुन्हा भरलं आणि पुन्हा फेकलं.

कापलेली एक फळी तिनं जाळली. दुसरी घराच्या दारात उंबरा म्हणून ठोकली, चांगली गुडघ्याएवढी उंच. रिहेई त्यानंतर सहा वर्षं जगला. बाहेर पडताना आणि आत येताना, दर खेपेला, तो त्या फळीवरनं पाय उचलून जायचा.