काकांच्या सुरीची पारख

मला हातानं घडवलेल्या सुऱ्या जमवायचा नाद आहे. बाईनं साड्या जमवाव्यात, फार तर भांडी. सुऱ्या जमवणारी बाई म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची जरा मागं सरकवतो. धाराशिवच्या आमच्या घरी पाहुणे यायचे असले की नवरा आधी माझ्या काचेच्या कपाटावर चादर टाकतो. त्याचा मला राग येतो. पण त्याहून जास्त राग येतो तो मोबाईलवरून ‘हातानं घडवलेली’ सुरी मागवून मला कौतुकानं दाखवायला आणणाऱ्यांचा. पत्र्यातून कापलेलं पातं, टोकापर्यंत तीच जाडी आणि वर यंत्रानंच छापलेले हातोड्याचे ठोके. मी तोंडावर सांगते, फसलात. त्यामुळे कुणी पुन्हा विचारायला येत नाही.

मावशीनं मात्र गेल्या खंडेनवमीला मुद्दाम येरमाळ्याला बोलावून घेतलं. काकांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. पूजेसाठी घरातले विळे, खुरपी, कुऱ्हाड सगळं धुऊन ओसरीवर मांडलं होतं आणि एक सुरी तेवढी बाजूला ठेवलेली होती.

ती सुरी साऱ्या गोतावळ्याला ठाऊक होती. काकांचं हायवेला चहाचं हॉटेल होतं आणि थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी म्हणे एकदा बिबट्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारून त्याला जागच्या जागी बसवला होता. ही सुरीही त्यातलीच. तरुणपणी लोहाराच्या भट्टीवर बसून, ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून आपण ती स्वतः घडवली, असं ते सांगायचे. लोक हसायचे, सगळ्यात मोठ्यानं मावशी. सुरी कांदा वाकडा कापते, हा तिचा पुरावा. “बाजारात घेतली आन् मिरवत्यात,” असं ती चारचौघांत म्हणायची. काकाही हसून घ्यायचे.

“तुला सुऱ्यातलं कळतंय म्हनं,” मावशी म्हणाली. “बघ आन् खरं सांग. खोटी निघाली तर बरंच हाय.”

“बरं कसं?”

“खरी निघाली तर मी जलमभर त्यांना उगंच हसले, असं व्हईल की.”

मी सुरी हातात घेतली. पाठ मुठीपाशी जाड, टोकाकडं निमुळती होत गेलेली. पात्याच्या बुडाला ठोक्यांचे खळगे, एकही दुसऱ्यासारखा नाही. कुठं कंपनीचा शिक्का नाही. घडवलेली तर होतीच.

“पन कुनी?” मावशी सोडते थोडीच.

धार एकाच अंगानं घासलेली होती, तीही डाव्या. उजव्या हातानं कापलं तर ती वाकडीच जाणार. काका डावखुरे होते. हे सांगितलं तर मावशी म्हणाली, “डावखुरा गिऱ्हाईक बघून लोहारानंच दिली आसंल करून.” या बाईनं वकिली करायला हवी होती.

मूठ ढिली झाली होती. मावशीला विचारून मी खिळे काढले आणि बाभळीच्या लाकडाची एक बाजू उचलली. खाली लोखंडात खिळ्याच्या भोकाशेजारी आणखी एक भोक होतं, अर्धवट पाडून सोडलेलं, साफ चुकलेलं. कानशीचे ओरखडे डाव्या हाताचे, उलटे तिरपे, कुठं खोल तर कुठं नुसते वरवर. ज्याचं पोट या धंद्यावर आहे, त्याच्या हातून असं होत नाही. हे पहिल्यांदाच सुरी करणाऱ्याचं काम होतं.

असल्या चुकीनं हौशी लोकांत किंमत उतरते. माझ्या ओळखीचे पुण्याचे एक संग्राहक आहेत, त्यांनी नाक मुरडलं असतं. मला मात्र ते भोक बघून इतका आनंद झाला की मी एकटीच हसत सुटले.

“मावशी, ही काकांनीच केलीय.”

तिनं सुरी माझ्या हातातून घेतली. पदरानं पातं पुसत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी बिबट्याचंबी खरं आसंल का?”

“ते मला नको विचारू.”

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. मलाही राहवलं नाही. मी मूठ पुन्हा बसवून दिली, तिनं सुरी पूजेत मधोमध मांडली, हळदकुंकू वाहिलं. मी निघायला उठले तर हाताला धरून तिनं मला खाली बसवलं.

“कशी केली आसंल गं त्यांनी?”

“त्यांनी सांगितलं असेल ना तुला.”

“सांगाया बसले की मला काम आठवायचं. मी उठून जायची. शेवटापातूर कधी ऐकलंच न्हाय.”

मग मी सांगू लागले. पाटा तापवून लाल केला असेल, लोहारानं सांडशीत धरला असेल, काकांनी डाव्या हातानं घण घातला असेल. माहीत असलेलं थोडं, बाकी अंदाज. तेवढ्यात दारातून शेजारणीनं हाक मारली. मावशी जागची हलली नाही.

“हां,” ती म्हणाली, “मग?”