लेलंडचा पंचवीस तासांचा दिवस

आमच्या गावात लेलंड स्कारइतका हुशार आणि लेलंड स्कारइतका वेंधळा दुसरा माणूस नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. माझ्या बारच्या वरच्या खोलीत राहून तो शिकागोतल्या कुठल्याशा कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि फावल्या वेळात गावासाठी फुकट. चर्चचं कॅलेंडर त्याचंच. पॅनकेकचा नाश्ता असो की बाप्तिस्मा, त्याचा प्रोग्रॅम तारीख काढतो आणि गावभर आमंत्रणं धाडतो.

रॅग्नाशी त्याचं लग्न दोनदा पुढे गेलं. दोन्ही वेळा कंपनीचं काहीतरी कोसळलं आणि हा लॅपटॉपला चिकटून बसला. रॅग्ना बापाच्या गायी सांभाळते, तिला नाटकं खपत नाहीत. ऑक्टोबरात माझ्याच काउंटरवर ती त्याला म्हणाली, "लेलंड, तारीख आणखी एकदा पुढे गेली, तर तू तुझ्या वाटेनं जा. मी गायींबरोबर सुखात आहे." तो हसला नाही. मीही नाही.

चर्च मोकळं होतं ते नेमकं नोव्हेंबरातल्या हरणांच्या शिकारीच्या हंगामातल्या पहिल्या शनिवारी. त्या दिवशी आमचा एकही बाप्या सासऱ्याच्या मयतालासुद्धा जात नाही. रॅग्ना म्हणाली, रिकाम्या चर्चमध्ये लागेल, पण लग्न लागेल. लेलंडनं प्रोग्रॅमला सांगितलं, आजच्या शनिवारपासून सहा आठवडे मोज, दुपारी तीनची वेळ घाल आणि सगळ्यांना कळव. सगळ्यांना म्हणजे त्या दोघांना सोडून. त्यांना तारीख पाठच होती.

आता गंमत अशी, की त्या प्रोग्रॅमला दिवस मोजता येत नव्हते, फक्त तास येत होते. प्रत्येक दिवसाचे चोवीस धरून तो मध्यरात्रीपासून पुढे निघाला. वाटेत नोव्हेंबरचा पहिला रविवार लागला. त्या रात्री आम्ही घड्याळं तासभर मागे करतो आणि तो दिवस पंचवीस तासांचा होतो. पठ्ठ्या एक तास कमी पडून शुक्रवारी रात्री अकरालाच थांबला. आमंत्रणात वार छापला शुक्रवार.

गावानं लेलंडला त्याच्या पाठीमागे डोक्यावर घेतलं. काय समजूतदार पोरगा, शिकारीचा शनिवार मोकळा ठेवला! भडकलो फक्त मी. शुक्रवार म्हणजे माझ्या बारमधल्या तळलेल्या माशांचा दिवस, आणि हा भाडेकरू मला विचारतही नाही? मी त्याच्याशी अबोला धरला, नाहीतर चूक तेव्हाच कळली असती. रॅग्नाचा बाप एइनार तर दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले तीन गायींशी, त्यामुळे तिच्याही कानावर काही गेलं नाही.

शुक्रवारी तीन वाजता चर्च खच्चून भरलं. पाद्रीबाई तयार, एइनार सुटात, तळघरात माझे मासे. नवरानवरीचा पत्ता नाही. अबोला गुंडाळून मी खोलीवर धावलो, तर लेलंड चड्डीवर उभा राहून उद्याच्या पॅन्टला इस्त्री करत होता. आमंत्रण दाखवल्यावर तो मटकन खाली बसला. "गेली रे ती," म्हणाला. मला त्याची अशी दया आली, की मी पॅन्ट स्वतःच त्याच्या पायांत घातली.

रॅग्ना गोठ्यात शेण ओढत होती. लेलंडनं एका दमात तास, घड्याळ, रविवार, सगळं ओकलं. ती फावड्यावर रेलून ऐकत राहिली.

"म्हणजे परत पुढे गेली?"

"नाही. एक दिवस अलीकडे आली."

तिनं फावडं टाकलं. मग अशी हसत सुटली, की गवतावरच बसली, आणि गायी माना वळवून बघू लागल्या.

"अलीकडे येण्याबद्दल मी काही बोलले नव्हते," ती म्हणाली. "चल, गाडी काढ."

ती आली ती गोठ्यातल्या रबरी बुटांतच. एवढा गाव बघून दारात क्षणभर थबकली आणि बापाचा हात घट्ट धरला. एइनारनं तिच्या बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, "दूध कोण काढणार?" शेवटी सगळ्यांनीच काढलं. लग्न लावून वरात थेट गोठ्यात गेली. पाद्रीबाई बाह्या सावरून गायीखाली बसल्या, मी तिथेच मासे वाढले, आणि ब्रँडी कोणी आणली ते मी सांगणार नाही.

लेलंड दाराशी बादली धरून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठेतरी वेळेआधी पोचला होता, आणि ढसाढसा रडत होता.