शेगावला घातलेली शपथ

वडिलांच्या घशाला कॅन्सर झाला तेव्हा मी चिखलीच्या शाळेत शिक्षक होतो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नागपूरच्या दवाखान्यात त्यांना किरणांचा उपचार दिला. आमच्याकडे सगळे त्याला शेक म्हणत. निघताना डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. महिन्याने पुन्हा आणा, उरलेले शेक द्यायचे आहेत. तोवर विडी बंद हवी, नाही तर घशातली जखम भरणार नाही. पण इतक्या वर्षांची सवय एकदम सुटत नाही. ओढली तर रागावू नका, किती ओढली ते मला खरं सांगा, मग पुढचं ठरवू.

"काय म्हनते?" वडिलांनी विचारलं.

"विडी कायमची बंद," मी म्हणालो. पुढचं सांगितलं नाही. सवलत आहे हे कळलं तर ते ती घेतील असं वाटलं. वर्गातही मी गृहपाठाची मुदत वाढेल हे आधी कळू देत नसे.

परतताना शेगावला उतरलो. महाराजांच्या समाधीसमोर मी त्यांना शपथ घ्यायला लावली. त्यांनी पायरीला हात लावला आणि "सोडली" म्हणाले. माझं काम झालं असं मला वाटलं.

धाडजवळच्या आमच्या गावी त्यांचा जुना सोबती भेटायला आला. सवयीने त्याने दोन विड्या पेटवून एक पुढे केली.

"शेगावले सोडून आलो," वडील म्हणाले.

"महाराजाच्या सोताच्या हाती चिलीम, अन् तुह्या विडीचं त्याहिले काय वावडं बे?"

वडील हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले. दोन्ही विड्या सोबत्यानेच संपवल्या, तोंड दुसरीकडे करून.

नागपूरची तारीख आली. मी शनिवारी गावी गेलो तर म्हणाले, "मले बरं हाय. काऊन जायाचं?" पुढच्या शनिवारी पेरणीचं निघालं. तिसऱ्या शनिवारी मला पाहताच ते उठून गोठ्याकडे गेले. आई मला चुलीपाशी घेऊन गेली.

"तुहे आबा ओढतात रे. पयल्या आठवड्यापासून, गोठ्यामागं. डॉक्टर तुह्यापुढं विचारीन. शेगावची शपथ मोडली हे कोन्या तोंडानं सांगतीन थे?"

मी गोठ्याकडे गेलो. वडील गव्हाणीशी बसले होते. डॉक्टरांनी रागावू नका म्हटलं होतं, किती ओढली एवढंच विचारणार होते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"मंग हे तवाच काऊन नाही सांगतलं?"

मला कारण माहीत होतं. मी ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वडिलांनी स्वतःच सांगितलं, "रोज दोन, कधी तीन." डॉक्टरांनी मान हलवली. तलफ आली की कोमट पाण्याचे घोट घ्या, थोडं थांबा, ती निघून जाते, असं त्यांना मराठीत समजावलं. तपासण्यांसाठी आम्ही आठवडाभर तिथे राहिलो. त्या आठवड्यात त्यांनी एकही विडी ओढली नाही. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आजार पसरला होता, आता शेक देऊन उपयोग नव्हता. विडी नसली तर गिळणं मात्र थोडं सोपं जाईल, असं ते म्हणाले.

या वेळी मी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावून "हाव" म्हटलं.

शेगावच्या एस.टी. स्टँडवर बसला वेळ होता. मी जाऊन विडीचा कट्टा आणला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, पाहिला आणि परत दिला.

"ठेव. मले आता जमून राह्यलं."

त्यानंतर ते चार महिने होते. त्यात दोनदा त्यांनी विडी ओढली, आणि दोन्ही वेळा मला आपणहून सांगितलं. मी बरं म्हणालो आणि पाणी कोमट करायला ठेवलं.