टँकरपुढची प्रार्थना

आमच्या शिरूरच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक ख्रिस्ती बाई राहतात. राग आला की त्या भर रस्त्यात डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करतात. मला ते आधी नाटकच वाटायचं.

परवा टँकर आला. रांगेत बाईंचा नंबर आला, तोच शेजारणीने त्यांची घागर पायाने बाजूला सारली. पाणी हुकलं तर पुढच्या टँकरपर्यंत घर कोरडं. बाईंनी डोळे मिटले.

"प्रभू येशू, हिला माफ कर. आन मला लई धीर दे, न्हाई तर हिच्या झिंज्या माझ्या हातात येतेत!"

रांग खदखदून हसली. शेजारणीलाही हसू आवरेना. टँकर संपत आला, तरी बाईंची प्रार्थना चालूच. शेवटी शेजारणीनेच पाइप त्यांच्या घागरीत सोडला आणि ओरडली, "आता आमेन म्हण की गं, पाणी सांडायलंय!"